हार्डडिस्क माझ्या कपाटात



कार्तिकात निर्मळची जत्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधी मंदिराला लाखभर पाय लागतात, तळ्याच्या काठाने दुकानं लागतात. आम्ही सोपाऱ्याचे लोकही लहानपणापासून जत्रेला जातो, ते सुकेळी, चादरी आणि पोळपाट-लाटण्यासाठी. यंदा मी भाचीला घेऊन गेले होते. सुकेळीवालीशी भावाची घासाघीस चालू असताना समोर एक मुलगा दिसला. दोन्ही हातांनी गिंबल धरून, गुडघे वाकवून, गर्दीत उलट्या पावलांनी चालत होता. माझाच जुना विद्यार्थी. पाचवी ते दहावी माझ्याकडे मराठी आणि उर्दू शिकलेला. मला पाहून त्याने कॅमेरा खाली केला, सलाम केला आणि लगेच म्हणाला, "टीचर, अम्मीला सांगू नका."

मी काय सांगणार होते? जत्रेत भेटला, एवढंच. पण त्याच्या त्या वाक्याने मला कळलं की घरी तो दुसरीकडे आहे असं सांगून आलाय. दुसऱ्या दिवशी त्याचा अकाउंट्सचा पेपर होता, हे मला चार दिवसांनी समजलं. अम्मी स्वतःच माझ्याकडे आली तेव्हा.

घर निर्मळच्या बाजूलाच, भाड्याचं. अब्बू शिवणकाम करतात, स्टेशनजवळ छोटं दुकान आहे. मुलगा एस.वाय.बी.कॉम.ला. थोरली बहीण नर्सिंगला, धाकटी आठवीत. दादीही सोबत असते. मुलाचे दोन नाद. एक व्हिडिओ. लग्नाच्या शूटिंगवाल्याचा मदतनीस म्हणून सुरुवात केली, आता स्वतः टीझर आणि हायलाइट कापून देतो. दुसरा कॅसिओ. हा त्याने एका ख्रिस्ती दोस्ताच्या घरी शिकला. आपल्या वसईत ते अवघड नाही. चर्चच्या गायनवृंदात वाजवणारा एखादा मुलगा प्रत्येक आळीत सापडतो, आणि लग्नाला बँड लागला की अर्धी आळी सूर ओळखते. याने तिथे बसून बसून बोटं बसवली. आता स्वतःच्या व्हिडिओखाली लावायला छोट्या छोट्या धुना बनवतो.

अम्मीचं म्हणणं साधं होतं. "टीचर, तुमचं ऐकतो तो. त्याला सांगा, म्युझिक हराम आहे, सोड आणि अभ्यास कर."

वाक्य नीट वाचा. दोन गोष्टी आहेत त्यात, आणि त्या एका 'आणि'ने जोडल्यात. आपल्या घरांत हे फार होतं. मुलाचे मार्क कमी झाले की आपल्याला दीन आठवतो. नमाज सुटली की म्हणतो, "असाच राहिलास तर नापास होशील." एका काठीने दोन जनावरं हाकायची. मुलाला मात्र लगेच कळतं की अम्मीची खरी काळजी कुठली आणि आधाराला घेतलेली कुठली. मग तो दोन्हींना नुसतं हो म्हणतो.

मी म्हटलं, सांगत नाही, पण घरी येते. मगरिबनंतर गेले.

अब्बू शांत माणूस. त्यांनी आधी एकच तक्रार सांगितली, आणि ती मला सगळ्यात खरी वाटली. "रात्री तीन-तीन वाजेपर्यंत लॅपटॉप चालू असतो. फजरला मी हाक मारतो, हूं म्हणतो, झोपतो. गेल्या महिन्यात किती फजर कजा झाल्या, त्यालाच विचारा." मुलगा मान खाली घालून बसला. यावर वाद नव्हता. कुठल्याही मसलकाचा आलिम विचारा, फजर सोडून एडिटिंग करायला कुणी परवानगी देणार नाही.

मग गाडी कॅसिओवर आली. अब्बू म्हणाले, "व्हिडिओचं काम करू दे. हुनर आहे, चार पैसे येतात. पण तो बाजा घरात नको."

मुलगा तोपर्यंत गप्प होता. आता बोलला. आवाज चढवून नाही, पण बोलला. "अब्बू, व्हिडिओखाली मी काय लावतो? हळदीच्या व्हिडिओत काय वाजतं? त्याच पैशाने बाजीची फी भरली ना? मी दुसऱ्यांची गाणी लावली तर हुनर, आणि स्वतः दोन सूर वाजवले तर हराम?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. अम्मी चहा ठेवायला उठली.

वाचकहो, मलाही त्यावर पटकन उत्तर सुचलं नाही. आणि त्या मुलाने बापाला अडवलं म्हणून मी हे लिहीत नाहीये. बापाचं म्हणणं चुकीचं आहे असंही नाही. पण मुलाने जे दाखवलं ते खरं होतं. घरात ज्या गोष्टीचा पैसा चालतो, त्या गोष्टीबद्दल आपण फार प्रश्न विचारत नाही. कॅसिओतून पैसा येत नव्हता, म्हणून सगळी परहेजगारी कॅसिओवर येऊन बसली होती.

आता संगीताच्या मसल्याबद्दल. मी आलिमा नाही, बी.एड. झालेली मास्तरीण आहे. फतवा देणं माझं काम नव्हे. पण जे वाचलंय ते त्या रात्री सांगितलं, इथेही सांगते. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई फिकहच्या मान्य ग्रंथांत तारेच्या वाद्यांना मनाईच आहे, आणि बाकी तीन मजहबांचे बहुसंख्य फुकहाही वाद्यांबाबत कडकच आहेत. हे लपवून मुलाची बाजू घेणं प्रामाणिकपणाचं नव्हतं. दुसरीकडे, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आहे. ईदच्या दिवशी त्यांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हटकलं, तेव्हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी त्या मुलींना गाऊ द्या, ही ईद आहे, अशा अर्थाचं सांगितलं. लग्नात डफ वाजवण्याला मान्यता आहे. इमाम गजाली स्वतः शाफई, त्यांच्या 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण आहे. ऐकण्याला त्यांनी वाट ठेवली, पण अटी घालून. मद्यपींच्या मैफलींशी जोडली गेलेली तारेची आणि फुंकून वाजवायची वाद्यं त्यांनीही बाजूलाच ठेवली. आपल्या काळात शेख यूसुफ करजावी यांनी अटींसह संगीताला मुभा दिली, त्यावर इतर उलेमांनी हरकतही घेतली. म्हणजे मतभेद आहे, आणि तो जुना आहे. पण 'मतभेद आहे' म्हणजे 'काहीही चालतं' असं नाही, हेही मुलाला सांगितलं. शब्द कुठले, सोबत कोण, नमाजेची वेळ जाते का, या अटी मुभा देणाऱ्यांनीही सोडलेल्या नाहीत.

दादी कोपऱ्यात तसबीह घेऊन बसली होती. मध्येच म्हणाली, "आमच्या लग्नात रातभर बायका गायच्या. बाजा नसायचा. पण गायच्या." बस एवढंच. पुन्हा तसबीह सुरू.

मग मुलाने नाएझीचं नाव काढलं. मला वाटलंच होतं. या वयाच्या मुलाच्या डोक्यात कुर्ल्याचा नावेद शेख असतोच. २०१४ साली या पोराने 'आफत' हे रॅप रेकॉर्ड केलं, तेही एका आयपॅडवर. व्हिडिओही त्याच आयपॅडवर, आपल्याच मोहल्ल्यात शूट केला. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. त्याच वर्षी दिशा रिंदानी यांनी त्याच्यावर 'बॉम्बे ७०' नावाचा माहितीपट केला. ७० म्हणजे कुर्ल्याचा पिनकोड. पुढच्या वर्षी अंधेरीच्या डिव्हाइनसोबत 'मेरे गली में', आणि २०१९ मध्ये झोया अख्तर यांचा 'गली बॉय', ज्याची प्रेरणा या दोघांवरून घेतलेली. त्यातला मुराद कॉलेजात जातो, घरी बाप ओरडतो, आणि तो चोरून गाणी लिहितो. आपल्या किती घरांत तो सिनेमा मुलांनी चारदा पाहिला असेल आणि बापांनी एकदाही नाही!

मी मुलाला विचारलं, "नाएझी मध्ये काही काळ रॅपपासून दूर राहिला, ते माहीत आहे?" माहीत होतं. नाव झालं, लोक मागे लागले, तरी हा थांबला. दीनाचा विचारही तेव्हा मनात होता, आणि त्याने तो लपवला नाही. नंतर परतला. परतणं बरोबर की चूक, हे ठरवणारी मी कोण? मला मुलाला एवढंच दाखवायचं होतं की ज्याला तो आदर्श मानतो त्यालाही हा प्रश्न सुटसुटीत सापडलेला नाही. आयपॅडची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. थांबण्याची कुणी सांगत नाही.

अम्मीने विचारलं, "मुलीपण करतात म्हणे?" करतात. गोवंडीची सानिया मिस्त्री, सानिया एमक्यू नावाने रॅप करते, डोक्यावर हिजाब असतो. वडील रिक्षा चालवतात. शाळा-कॉलेजच्या वयातच तिने आपल्या वस्तीच्या हालांवर लिहायला सुरुवात केली. अम्मी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "हिजाब ठेवलाय ना." एवढ्यावर तिचं समाधान कसं झालं ते मला कळलं नाही, पण मीही पुढे खेचलं नाही.

अब्बूंना मी दुसरी गोष्ट सांगितली. इंग्लंडचा कॅट स्टीव्हन्स, साठ-सत्तरच्या दशकातला मोठा गायक. १९७७ साली त्याने इस्लाम स्वीकारला, यूसुफ इस्लाम झाला. थोड्याच काळात संगीत सोडलं, गिटारी विकून पैसा खैरातीला दिला. १९८३ मध्ये लंडनला मुसलमान मुलांची शाळा काढली. वीसेक वर्षं गिटारीला हात नाही. मग एके दिवशी त्याच्याच मुलाने घरात गिटार आणली. बापाने ती हातात घेतली, आणि २००६ मध्ये पुन्हा त्याचा अल्बम आला. अब्बू लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सोडलं तेव्हाही अल्लाहसाठी सोडलं, आणि घेतलं तेव्हाही विचार करून घेतलं. याने काय विचार केलाय?"

प्रश्न मोलाचा होता. मी तो मुलाकडेच वळवला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "मला आवडतं." एकोणीस वर्षांच्या मुलाकडे एवढंच उत्तर असतं, आणि ते खोटं नसतं.

इथे मला माझंच एक जुनं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर मी फार शहाणी वाटेन. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी शिकवत होते त्या शाळेत एक मुलगी होती. आवाज असा, की नात म्हणायला लागली की शिपाईमामा दारात येऊन उभे राहायचे. स्नेहसंमेलनात तिला एक मराठी भावगीत म्हणायचं होतं. मी म्हटलं, "राहू दे गं, तुझे मामा बसलेत समोर, उगाच बोलणी होतील." मसला मी पाहिला नाही, कुणाला विचारलं नाही. मला फक्त कटकट नको होती. तिने भावगीत सोडलं, ठीक. पण नंतर नात म्हणणंही सोडलं. मागच्या वर्षी वसई स्टेशनवर भेटली, कडेवर मूल. मी विचारलं, "नात म्हणतेस का अजून?" हसून म्हणाली, "नाही टीचर, सवय गेली."

म्हणून त्या रात्री मी हराम-हलालची काठी हातात घेतली नाही. तो मुलगा बालिग आहे. त्याने स्वतः एखाद्या जाणत्या आलिमाकडे जावं, बसावं, आपलं काम काय ते खरं खरं सांगावं, लग्नाचे व्हिडिओसुद्धा, आणि विचारावं. बापाला घराचा नियम ठरवायचा हक्क आहे, तो त्याने पाळावा. ज्यात मतभेदच नाही, त्यात मात्र सवलत नाही. खोटं बोलून जत्रेला जाणं, फजर, आणि अकाउंट्स. हो, अकाउंट्ससुद्धा. बापाने घातलेली फी ही अमानत आहे.

मग आम्ही कागद घेतला. आठवड्याचे तास १६८. मी म्हटलं, लिही. त्याने लिहिलं. एका लग्नाचा एक दिवस शूटिंगला, आणि नंतर तीन-चार रात्री कापाकापीला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महिन्याला चार-पाच लग्नं. रिक्षा, ट्रेन, कॉलेज. कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते, याची होती साठच्याही खाली. कॅसिओ आठवड्याला फार तर चार तास. हा आकडा त्याने लिहिला तेव्हा अब्बूंनी चष्मा वर केला. ज्या कॅसिओवरून घरात सहा महिने भांडण चाललं होतं, तो वेळ खातच नव्हता. वेळ खात होतं ते लग्नाचं काम, ज्याला घरात कुणाची हरकत नव्हती. पेपर बुडवला तोही जत्रेमुळे नाही. आदल्या रात्री एका गिऱ्हाईकाचा टीझर द्यायचा होता, आणि जत्रेचं शूटिंग हे त्यातून घेतलेली सुटी होती. स्वतःसाठी, कुणाच्या पैशाशिवाय केलेलं त्या महिन्यातलं ते एकच काम.

हे ऐकून अम्मी रडली. बहिणीची फी तिच्या डोळ्यांसमोर आली असणार.

एक गोष्ट मात्र त्या घरात कुणालाच माहीत नव्हती, आणि मला वाटतं आपल्या बऱ्याच घरांत नसते. या कामाचं शिक्षण असतं. मुंबई विद्यापीठाचा बी.ए.एम.एम.सी. हा पदवी अभ्यासक्रम कितीतरी कॉलेजांत आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात १९८२ पासून ए.जे.के. मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर आहे. आपल्याच पुण्यात १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या संकलनाच्या अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेची पदवी चालते. रसूल पूकुट्टी हे तिथलेच विद्यार्थी, २००९ मध्ये ध्वनीसाठी ऑस्कर घेतलं. त्याच रात्री ए. आर. रहमान यांनी दोन घेतले. मुलगा सरसावून बसला. मी म्हटलं, "पण या दारांना हात लावायचा तर आधी बी.कॉम. पास हो. पदवी लागते." अकाउंट्सचा अभ्यास का करायचा, याचं त्याला पटेल असं कारण पहिल्यांदाच मिळालं होतं. आधी मिळालेलं कारण एकच होतं, 'शर्माजींचा मुलगा सी.ए. झाला.'

ठरलं ते असं. लग्नाची तीन कामं आधीच कबूल केलेली होती. त्यावर अब्बूच म्हणाले, "वादा दिलाय तो पाळायचा. लोकांचं लग्न आहे, पुन्हा होत नाही." त्यांतलं एक पेपरच्या आदल्या दिवशी येत होतं, ते त्याने गिऱ्हाईकाला सांगून दोस्ताकडे दिलं, आणि पैसेही दोस्तालाच. नवीन काम परीक्षा संपेपर्यंत घ्यायचं नाही. बहिणीच्या फीचं काय, हा विषय निघाला तेव्हा अब्बूंनी फक्त "मी बघतो" म्हटलं. कसं बघणार ते सांगितलं नाही. मला तिथे अवघडल्यासारखं झालं, कारण मुलाचं काम बंद करायचा सल्ला माझा होता आणि त्याची किंमत शिलाई मशीनवर पडणार होती. दोन दिवसांनी मी थोरलीला अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचं विचारलं, तर तिने कधी अर्जच केलेला नव्हता. कागदपत्रं आता जमवतोय.

कॅसिओचं भांडण मिटलं नाही. तो दोस्ताच्या घरी परत गेला. अब्बूंचं मत बदललेलं नाही, मुलाचंही नाही. आलिमाकडे दोघं मिळून जाणार आहेत, पण परीक्षेनंतर. दादी म्हणाली, मलापण न्या.

निघताना मुलगा माझ्या मागे रिक्षापर्यंत आला. हातात हार्डडिस्क होती. म्हणाला, "टीचर, घरात असली तर मी उघडणारच. तुमच्याकडे ठेवा." मी विचारलं, आत काय आहे? लग्नं, त्याच्या धुना, आणि जत्रेचं शूटिंग, न कापलेलं. आता ती माझ्या कपाटात आहे, उर्दूच्या शब्दकोशामागे. पेपर पंधरवड्यावर आलाय. परवा सकाळी फजरनंतर लगेच फोन वाजला. मला वाटलं कुणाचं काय झालं. तोच होता. "टीचर, उठलो. ताळेबंदाचा एक सम अडलाय. आणि ती डिस्क उन्हात ठेवू नका हां."